लंडनचे एमबीए आणि बापाचे घर

एमबीए मुंबईत करावे की लंडनला, हा प्रश्न आता आपल्या समाजातील मुलामुलींपुढेही उभा राहू लागला आहे. गिरणीत, गोदीत आणि रेल्वेत राबलेल्यांची ही नातवंडे आहेत. त्यांचा अभिमान वाटलाच पाहिजे. मात्र प्रस्थापितांच्या मुलांकडे पाहून त्यांनी निर्णय घेतला, तर तो अंगाशी येईल.

हिशेब साधा आहे. लंडन बिझनेस स्कूलच्या एमबीएची फी एक लाख पौंडांहून अधिक आहे. रुपयांत ती एक कोटीच्या वर जाते. राहण्या-खाण्याचा खर्च वेगळाच. एवढ्या कर्जाला सरकारी बँका सहसा तारण मागतात. ज्यांच्याकडे पिढीजात जमीन आणि दोन-चार फ्लॅट आहेत, त्यांना तारणाची चिंता नाही. आपल्याकडे तारण म्हणजे बापाने प्रॉव्हिडंट फंड मोडून घेतलेले एकुलते एक घर!

उलट मुंबईत काय आहे? १९६५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने सुरू झालेली जमनालाल बजाज संस्था आहे. १९१३ साली स्थापन झालेल्या सिडनहॅम महाविद्यालयाची व्यवस्थापन संस्था आहे. अशा संस्थांत सीईटीच्या गुणांवर प्रवेश मिळतो आणि अनुसूचित जातींना १३ टक्के आरक्षण आहे. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळते आणि त्याहून जास्त असेल तर राज्याची फ्रीशिप. त्यासाठी जात वैधता प्रमाणपत्र मात्र वेळेत काढून ठेवले पाहिजे.

मग लंडनला जाऊच नये काय? तसे अजिबात नाही. खासगी कंपन्यांत आरक्षण नाही. तिथे ओळख चालते, आडनाव चालते. ज्याचा मामा-काका कोणत्याही कंपनीच्या संचालक मंडळावर नाही, त्याला जगप्रसिद्ध संस्थेच्या नावाचा उपयोग इतरांपेक्षा जास्तच होतो. अडचण अशी की, ज्याला या नावाची सर्वाधिक गरज आहे, त्यालाच त्याचे कर्ज सर्वांत कमी पेलवते. शिवाय परदेशात नोकरी करून कर्ज फेडू, हा भरवसाही कच्चा आहे. शिक्षणानंतर काम करण्याचा व्हिसा ब्रिटनने २०१२ मध्ये बंद केला आणि २०२१ मध्ये पुन्हा सुरू केला. हप्ते आपले, नियम त्यांचे!

बाबासाहेबांचे उदाहरण या बाबतीत नीट समजून घेतले पाहिजे. १९१३ साली ते कोलंबियाला गेले, ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. शिष्यवृत्तीची मुदत संपली, तेव्हा १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. कोलंबियाचे शिक्षण पदरी असूनही बडोद्यात त्यांना राहायला कोणी जागा दिली नाही. पुढे १९१८ मध्ये ते याच सिडनहॅममध्ये प्राध्यापक झाले. पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठून १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. मुंबईचा मुक्काम त्यांच्यासाठी लंडनच्या वाटेवरचाच एक टप्पा ठरला.

आपल्या मुलांनीही हीच वाट धरावी. अनुसूचित जातींसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिच्या ७५ जागा आहेत. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीही आहे, मात्र तिला आठ लाखांची उत्पन्नमर्यादा आहे. शिष्यवृत्ती हातात पडली तर मागेपुढे न पाहता विमानात बसावे. ती मिळाली नाही तर घर गहाण टाकू नये. इथे शिकावे, चार-पाच वर्षे नोकरी करावी आणि स्वतःच्या बळावर जावे.

समाजाच्या संघटनांनीही केवळ सत्कार समारंभांवर समाधान मानू नये. अनेक परदेशी संस्था जागा राखण्यासाठी आधीच अनामत मागतात आणि शिष्यवृत्तीचा निर्णय हाती येईपर्यंत ती मुदत निघून जाऊ शकते. निवडयादी वेळेत लावा, या मागणीसाठी सरकारच्या दारात बसावे लागेल. अनामतीपुरती उसनवार देणारा निधी आपल्या विहाराविहारांतून उभा करता येईल. सयाजीरावांनी एका राज्याच्या तिजोरीतून जे केले, ते लाखोंच्या समाजाला वर्गणीतून करता येणार नाही काय?