सपाट खोके आणि मुलाची खोली : एक मागोवा

घरातील लाकडी सामानाचा इतिहास हा बहुतांशी प्रौढ शरीराच्या मापांचा इतिहास होय. मेजाची उंची, खुर्चीची बैठक, कपाटाच्या वरच्या फळीचे अंतर ही सारी मापे मोठ्या माणसाकडे पाहून ठरली, आणि मुलाने वाढेपर्यंत त्यांच्याशी कसेबसे जमवून घ्यावे, हा शिरस्ता शतकानुशतके बिनतक्रार चालत आला. मारिया माँटेसोरी यांनी 1907 मध्ये रोमच्या सान लोरेंझो वस्तीत बालगृह उघडले आणि पुढे मुलांना स्वतः उचलता येतील अशा खुर्च्या, हाताशी येतील अशी बुटकी कपाटे यांचा पुरस्कार केला, तेव्हा ह्या शिरस्त्याला पहिला ठाम छेद मिळाला. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डी येथे बालशिक्षणाच्या त्याच तत्त्वाला परिसरात मिळणाऱ्या साध्या साधनांची जोड दिली. परंतु शाळेत रुजलेला हा विचार मध्यम स्थितीतील कुटुंबाच्या घरात शिरावयाचा, तर सामान स्वस्त, सुटे आणि घरच्या घरी फेरफार करता येण्याजोगे व्हावयास हवे होते. ते तसे झाले खरे. मात्र झाले ते मुलाकडे पाहून नव्हे, तर वाहतुकीच्या भाड्याकडे पाहून.

सुट्या भागांची कल्पना त्याआधीच्या शतकातली. मिखाएल टोनेट यांच्या कारखान्यात 1859 साली तयार झालेल्या चौदा क्रमांकाच्या खुर्चीचे भाग असे आटोपशीर होते, की एक घनमीटर मापाच्या पेटीत 36 खुर्च्या मावत आणि मुक्कामी पोहोचल्यावर स्क्रूंनी जोडल्या जात. हे जोडकाम सरसहा गिऱ्हाइकाच्याच हाती सोपविण्याचा धोरणीपणा मात्र इंग्वार काम्प्राड यांनी स्वीडनच्या स्मोलांड प्रांतात 1943 मध्ये स्थापिलेल्या आयकिया ह्या कंपनीने 1956 पासून अंगीकारला. तेथील रेखनकार गिलिस लुंडग्रेन यांचे एक मेज मोटारीत बसेना, म्हणून त्यांनी त्याचे पाय काढून ठेवले आणि तेथून ही रीत पडली, अशी हकीकत सांगितली जाते. तिला खरी साथ मिळाली ती चिपबोर्डाची. लाकडाच्या बारीक चिपा राळेत कालवून, उष्णता आणि दाब देऊन तयार केलेली ही फळी अस्सल लाकडासारखी पिळत नाही, त्यामुळे तिला यंत्राने पाडलेली भोके शेकडो कोस दूरच्या घरातही परस्परांसमोर तंतोतंत येतात.

एकोणीसशे सत्तरच्या दशकाने ह्या सामानाला मुलाच्या दृष्टीने महत्त्वाचा गुण दिला, तो म्हणजे वयाबरोबर बदलण्याची मुभा. नॉर्वेच्या पीटर ओप्सविक यांनी 1972 मध्ये आणलेल्या ट्रिप ट्राप खुर्चीत बैठक आणि पायफळी ही दोन्ही खाचांमधून वर-खाली सरकविता येत, आणि त्यायोगे लहान मूल मोठ्यांच्या मेजाशी त्यांच्याच बरोबरीने बसू लागले. 1979 मध्ये लुंडग्रेन यांनीच रेखिलेले बिली हे पुस्तकांचे कपाट आले. 80 सेंटिमीटर रुंद, 28 सेंटिमीटर खोल आणि 202 सेंटिमीटर उंच असे हे कपाट मुलासाठी योजिलेले नव्हते. पण त्याच्या बाजूच्या फळ्यांना ओळीने भोके असल्याने आज चित्रांच्या मोठ्या पुस्तकांसाठी ठेवलेला उंच कप्पा उद्या शाळेच्या वह्यांसाठी आखूड करता येई, आणि ज्यांना एवढी उंची नको त्यांच्यासाठी पुढे 106 सेंटिमीटरची ठेंगणी आवृत्तीही मिळू लागली.

त्यानंतर मुलांच्या खोल्यांतून जे घडले, त्याचे श्रेय कारखान्यापेक्षा घरोघरच्या आईबापांना अधिक द्यावे लागेल. स्वयंपाकघरात मसाल्याच्या बरण्या ठेवण्यासाठी विकली जाणारी आयकियाची बेकवेम नावाची अरुंद फळी त्यांनी मुलाच्या उशाशी, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसविली, आणि अद्याप वाचता न येणाऱ्या मुलाला मुखपृष्ठ पाहून पुस्तक निवडता येऊ लागले. चौकोनी घरांचे कालाक्स हे कपाट उभे न ठेवता आडवे करून त्यांनी खिडकीखाली बसण्याचा बाक केला, आणि त्याच्या पोटात खेळण्यांच्या टोपल्या सरकविल्या. कुरा हा पलंग तर मुळातच उलटसुलट ठेवण्यासारखा केलेला. मूल लहान असता गादी खाली, मोठे झाल्यावर वर, आणि वर गेलेल्या गादीखाली कोणी पडदे लावून घरकुल केले, कोणी अभ्यासाचा कोपरा.

ह्या उद्योगाने सामानाच्या अंतरंगाचेही पुष्कळ शिक्षण दिले. मेज मुलाच्या उंचीला आणण्यासाठी जाडजूड दिसणारा पाय कापावा, तो आत पोकळी निघावी. भरभक्कम भासणाऱ्या फळीच्या मध्यभागी स्क्रू घालावा, तो मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या कागदी जाळीत त्याला कसलाच आधार न सापडावा, असे अनुभव सार्वत्रिक आहेत. एकाच भोकात स्क्रू पुनःपुन्हा काढून घातल्यास चिपबोर्ड भुसभुशीत होतो, आणि कापलेली कड उघडी राहिल्यास ओल पिऊन फुगते. सबब कापण्यापेक्षा वळविणे, आडवे करणे आणि भोक बदलणे हेच फेरफार टिकले.

परंतु ह्या इतिहासाचे सर्वांत गंभीर प्रकरण सौंदर्याचे नाही, तोलाचे आहे. खणांचे कपाट बंद असता त्याचा भार पायांच्या आत राहतो. सारे खण एकदम ओढले आणि खालच्या खणावर पाय ठेवून मूल चढू लागले, की तो भार पुढच्या पायांच्या बाहेर जातो आणि कपाट मुलासकट पुढे कोसळते. अमेरिकेत अशा रीतीने बालकांचे मृत्यू झाल्यानंतर जून 2016 मध्ये आयकियाने मालम आणि तत्सम खणांची सुमारे 2 कोटी 90 लाख कपाटे तेथे परत घेण्याचे जाहीर केले. भिंतीला जखडल्याखेरीज ती स्थैर्याच्या ऐच्छिक मानकास उतरत नव्हती. डिसेंबर 2022 मध्ये तेथे ह्या बाबतीत स्वतंत्र कायदा झाला, आणि सप्टेंबर 2023 पासून कपड्यांनी भरलेले खण, खाली अंथरलेला गालिचा आणि 60 पौंडांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे 27 किलोच्या मुलाचे वजन हिशेबात धरून कपाटाची परीक्षा घेणे सक्तीचे झाले. दुमजली पलंगाच्या वरच्या मजल्यावर सहा वर्षांखालील मुलाला निजवू नये, हा दंडकही त्याच सावधगिरीचा.

भारतात आयकियाचे पहिले दालन ऑगस्ट 2018 मध्ये हैदराबादला आणि महाराष्ट्रातील पहिले डिसेंबर 2020 मध्ये नवी मुंबईत उघडले. तोवर आपला रिवाज निराळा होता. सुतार घरीच येई, भिंतीचे माप घेई, प्लायवूडवर सनमायका चढवी आणि कपाट बहुधा भिंतीतच ठोकून जाई, त्यामुळे ते कोसळण्याचा प्रश्न फारसा उद्भवतच नसे. खोक्यातून आलेले कपाट मात्र स्वतःच्या पायांवर उभे राहते, आणि सुतार जे न सांगता करीत असे, ते आता गृहस्थाला आठवणीने करावे लागते. कपाट भिंतीला जखडण्यासाठी खोक्यात दिलेली पट्टी वायफळ समजून बाजूला टाकू नये. गिलाव्यापलीकडे विटेत शिरेल एवढे खोल भोक पाडून त्यात भिंतीला साजेसा प्लग बसवावा, आणि तळच्या स्कर्टिंगमुळे कपाट व भिंत यांत फट राहत असल्यास ती लाकडी पट्टीने भरून मगच स्क्रू आवळावा. कोकण-मुंबईच्या पावसाळी हवेत उघड्या कडांना पट्टी लावण्याचे कामही आळसावर ठेवू नये.

1956 पासूनच्या ह्या वाटचालीचा निष्कर्ष एवढाच, की कारखाना सर्वांसाठी एक माप देतो आणि ते मुलाच्या मापाला आणणे हे घराचे कर्तव्य ठरते. रंग, पडदे आणि उशा यांची हौस अवश्य पुरवावी. पण खोके उघडल्यावर पहिला मान भिंतीच्या स्क्रूला द्यावा.