ऑफिसचं वीजबिल नेमकं कुठे वाढतं?

ट्रस्टच्या ऑफिसचं बिल चंद्याच्या पैशातून भरलं जातं. ते जास्त आलं की आपण दिवे बंद करायला धावतो. पण जास्त वीज खातो तो एसी. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशोबाने तापमान एक अंश वाढवलं की सुमारे 6 टक्के वीज वाचते. 2020 पासून नवे एसी 24 अंशांवर सुरू होतात ते म्हणूनच. आपल्याकडे मात्र साहेब आले की रिमोट 18 वर! खोली त्याने फारशी लवकर थंड होत नाही, मशीन तेवढं थांबायचं नाव घेत नाही.

मग पंखे. जुना पंखा साधारण 75 वॉट घेतो, बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. आम्ही वर्गात गणित घातलं: 10 पंखे, रोज 8 तास, 25 दिवस. वाचले 90 युनिट. मुलांनी विचारलं, "सर, मग आपल्या ऑफिसात का नाही?" आम्ही गप्प. नवा पंखा महाग पडतो हे खरं, म्हणून जो बिघडेल तोच बदलत जावं. राज्यातली बरीचशी वीज अजून कोळशावर बनते आणि तिची राख चंद्रपूर, कोराडीकडच्या लोकांच्या वाट्याला येते.

एसीची जाळी तरी याच आठवड्यात धुऊन घ्या, त्याला खर्च काहीच नाही.