पुरुषांमधील केसगळती: गैरसमज आणि वस्तुस्थिती

डोक्यावरील प्रत्येक केस रोमकूपात, म्हणजे केसाचे मूळ धारण करणाऱ्या त्वचेतील सूक्ष्म पिशवीत, दोन ते सहा वर्षे वाढतो. नंतर त्याची वाढ थांबते आणि सुमारे तीन महिन्यांच्या विश्रांतीनंतर तो गळून त्या जागी नवा केस उगवतो. या चक्रात बिघाड कोठे आणि कशामुळे झाला हे शोधणे म्हणजेच केसगळतीचे निदान होय, आणि ते टाळून केलेल्या उपचारात पैशांबरोबरच उपचाराला अनुकूल असा काळही वाया जातो.

गैरसमज: केस फार गळू लागले की टक्कल पडणारच.

वस्तुस्थिती: टाळूवर सुमारे 1 लाख केस असतात आणि त्यांपैकी रोज 50 ते 100 गळणे स्वाभाविक असते. आनुवंशिक टकलात चक्रागणिक रोमकूप आकसत जातो व नवा केस आधीपेक्षा बारीक आणि आखूड उगवतो, त्यामुळे उशीवर फारसे केस न दिसताही कपाळाच्या दोन्ही बाजूंची केशरेषा मागे सरकते आणि माथा विरळ होतो. याउलट डेंग्यू किंवा टायफॉइडसारखा तीव्र ताप, मोठी शस्त्रक्रिया अथवा झपाट्याने घटवलेले वजन यांमुळे असंख्य केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी मुठीमुठीने गळतात. ‘टेलोजेन एफ्लुव्हियम’ नावाची ही गळती भीतिदायक दिसली, तरी कारण दूर झाल्यावर बहुधा काही महिन्यांत भरून येते.

गैरसमज: टक्कल हे पुरुषी संप्रेरकाच्या अतिरेकाचे लक्षण आहे.

वस्तुस्थिती: वयात येण्यापूर्वी वृषणे काढली गेलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, परंतु त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यास आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्यांना ते पडू शकते, असे जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञाने 1942 मध्ये दाखवून दिले. म्हणजे संप्रेरक आवश्यक असले, तरी एकटे पुरेसे नसते. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे अधिक प्रभावी संप्रेरक तयार होते आणि त्याला संवेदनशील असलेले रोमकूप आकसतात. टक्कल पडलेल्या बहुतेक पुरुषांच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन मात्र सामान्य प्रमाणातच असते. डोक्याच्या मागील भागातील रोमकूपांत ही संवेदनशीलता अत्यल्प असते, म्हणूनच केशरोपणासाठी केस तेथून घेतले जातात.

गैरसमज: टक्कल केवळ आईकडून येते.

वस्तुस्थिती: पुरुषी संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या ग्राहीचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते व ते मुलाला आईकडूनच मिळते, हे खरे आहे, परंतु टकलाशी निगडित अनेक जनुके इतर गुणसूत्रांवर आहेत, त्यामुळे वडिलांच्या घराण्याचा वाटाही तितकाच विचारात घ्यावा लागतो.

गैरसमज: हेल्मेट, बोअरचे पाणी किंवा तेल न लावणे यांमुळे टक्कल पडते आणि मुंडण केल्यास केस दाट येतात.

वस्तुस्थिती: पाण्याचा आणि तेलाचा परिणाम त्वचेबाहेरील केसावर होतो, तर टकलाची प्रक्रिया त्वचेखाली रोमकूपात घडते. हेल्मेटमुळेही रोमकूप आकसत नाही. मात्र केस वर्षानुवर्षे घट्ट ताणून बांधल्यास मुळांना खरोखर इजा होते. मुंडणानंतर केसाचे टोक बोथट असल्याने तो जाड भासतो, पण केसांची संख्या वाढत नाही.

गैरसमज: रक्ततपासणी केली की कारण कळते.

वस्तुस्थिती: निदानाचा पाया गळतीचा इतिहास, घराण्यातील टक्कल आणि टाळूची प्रत्यक्ष तपासणी हा असतो. त्वचारोगतज्ज्ञ केसांचा लहान पुंजका हलकेच ओढून किती केस सुटतात ते पाहतात आणि डर्मोस्कोप या भिंगयुक्त उपकरणाने केसांच्या जाडीतील तफावत तपासतात, कारण जाड केसांत मिसळलेले अनेक बारीक केस ही आनुवंशिक टकलाची ठळक खूण असते. अचानक पडलेला गुळगुळीत गोल चट्टा चाईकडे, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच रोमकूपांवर केलेल्या हल्ल्याकडे, निर्देश करतो. कोंड्यासारखे पापुद्रे आणि तुटलेले केस बुरशीची शंका उत्पन्न करतात. तर व्रणासारखी चकचकीत त्वचा दिसल्यास बहुधा बायॉप्सी करावी लागते. थायरॉइड किंवा लोहाची तपासणी लक्षणे तशी सुचवत असतील तेव्हाच उपयुक्त ठरते. बायोटिनच्या गोळ्या मनाने घेणे तर अपायकारकही ठरू शकते, कारण मोठ्या मात्रेत त्या थायरॉइड आणि हृदयविकाराच्या काही रक्तचाचण्यांचे निष्कर्ष चुकवतात.

मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड ही औषधे आनुवंशिक टकलात असलेले केस टिकवण्यास मुख्यतः मदत करतात आणि ती थांबवल्यावर लाभ ओसरतो. चाई, बुरशी वा व्रणजन्य केसगळती यांचे उपचार मात्र पूर्णतः वेगळे आहेत. व्रणजन्य प्रकारात नष्ट झालेला रोमकूप पुन्हा निर्माण होत नाही, त्यामुळे चट्टे, वेदना, खाज किंवा वेगाने वाढणारी विरळता दिसताच घरगुती प्रयोगांत महिने न घालवता तज्ज्ञाकडे जाणे हाच केस वाचवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.