पासष्ट म्हणजे किती?

"शिकायच्या वयात कमवायचं कशाला?" हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी ऐकायला मिळतो. दहावीची परीक्षा संपल्यावर मी सुट्टीत मामाच्या दुकानात कामाला जाणार असं जाहीर केलं, तेव्हा आमच्याही घरी तो विचारला गेला. आईचं म्हणणं, अकरावीचं व्हेकेशन बॅच लाव. मामा म्हणाला, "येऊ दे तिला. पण भाची म्हणून नाही, कामाला म्हणून यायचं."

मामाचं हार्डवेअरचं दुकान मलकापूरला आहे. मलकापूर म्हणजे शाहूवाडी तालुक्यातलं, कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचं. (बुलढाण्याचं वेगळं, कऱ्हाडजवळचं वेगळं. हॉस्टेलवर दर वर्षी नव्या रूममेटला हे सांगावं लागतं!) वेळ सकाळी दहा ते दुपारी तीन, पगार रोज दीडशे रुपये. म्हणजे तासाला तीस. हा आकडा डोक्यात बसला तो कायमचाच. आजही मेन्यूकार्डवर एखादा पदार्थ दोनशे चाळीसचा दिसला की माझं मन आपोआप हिशोब करतं : आठ तास उभं राहणं. पॉकेटमनी मिळत होता तोवर वस्तूंना फक्त किंमत होती, आता त्यांना तास लागले.

मे महिन्यात त्या दुकानात श्वास घ्यायला फुरसत नसते. तिकडचा पाऊस म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलाय त्यांनाच कळेल. जूनच्या आधी सगळ्यांना ताडपत्री, पत्रे, पत्र्याचे हूक, वॉशर, खिळे हवे असतात. काउंटरवर मुलगी बघून लोक आधी विचारायचे, "पोरी, मालक कुठं गेल्यात?"

माझी खरी अडचण मात्र वेगळीच होती. मी कॉन्व्हेंटमधली. मराठी घरात बोलायचे, पण आकडे सगळे इंग्रजीत. सव्वा, पाऊण, अडीच इथपर्यंत ठीक. एकोणसाठ म्हटलं की मला एकोणसत्तर वाटायचं, कारण त्यात साठ ऐकू येतं ना! तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबा घाटाच्या बाजूच्या एका वाडीवरून एक काका आले. त्यांना झऱ्याचं पाणी घरापर्यंत आणायला काळा पाईप हवा होता. "पासष्ट फूट द्या." मी मनात पंचावन्न केले, टेपने व्यवस्थित मोजले आणि कापून दिले. पैसेही पंचावन्नचेच घेतले. काकांना वाटलं असेल, पोरीने काहीतरी कमी केलंय.

दुसऱ्या दिवशी ते परत आले. पाईप दहा फूट कमी पडला होता. ओरडले नाहीत. "चुकतंय माणूस," एवढंच म्हणाले. मला ओरडणं परवडलं असतं! त्यांची एसटीची जाऊन-येऊन तिकिटं, बुडालेला दिवस, आणि वर दहा फुटांचा तुकडा जोडायला एक कपलिंग. शिवाय जोड आला म्हणजे गळतीची एक जागा वाढली. मामाने कपलिंगचे आणि तिकिटाचे पैसे माझ्या पगारातून दिले. बुडालेल्या दिवसाचे कोणीच देऊ शकत नव्हतं.

शाळेत चुकलं की आपला मार्क जातो, तो आपलाच असतो. इथे माझी चूक दुसऱ्याच्या घरी जाऊन पोचली होती. सोळाव्या वर्षी नोकरीचा मुख्य फायदा कोणता असं कोणी विचारलं, तर मी हाच सांगेन. त्या रात्री कॅलेंडरच्या मागे एक ते शंभर मराठीत लिहून काढले. दुसऱ्या दिवसापासून ऐकलेला आकडा गिऱ्हाइकाला परत म्हणून दाखवायचा आणि टेपवर बोट ठेवून विचारायचं, "एवढंच ना?" पुढे सिव्हिलला आल्यावर सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला सरांनी सांगितलं, की रीडिंग लिहून घेणाऱ्याने ते मोठ्याने परत म्हणायचं. मला हसूच आलं.

अभ्यासाला उपयोग झाला तो असाही. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण 3.2 मिलिमीटर. साइटवर मिस्त्री 'तीन सुती' म्हणाला की 10 मिलिमीटरची सळई समजायची, 'चार सुती' म्हणाला की 12 ची. हे पुस्तकात नाही, पण साइटवर रोज लागतं.

हा लेख मी आमच्या वर्गातल्या एकाला वाचायला दिला. त्याने शांतपणे सांगितलं, "तुझी नोकरी म्हणजे पिकनिक होती." तो बाराव्या वर्षापासून आईबापांबरोबर ऊसतोडीला जायचा. ते बंद झालं म्हणून तो आज इथे आहे. त्याचं खरं आहे. मला कंटाळा आला असता तर मी घरी जाऊ शकत होते, त्याला ती सोय नव्हती. म्हणून कायद्याने रेषा आखली आहे. बालमजुरीच्या 1986 च्या कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली. 14 वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला बंदी आहे. अपवाद मुख्यतः घरच्या बिनधोक्याच्या उद्योगाचा, तोही शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत. 14 ते 18 वयाच्या मुलांना खाणी, स्फोटक पदार्थ अशी धोक्याची कामं देता येत नाहीत.

काम आणि शिक्षण यांत आधी कोण, हे आपल्या भागात फार पूर्वी एका माणसाने नीट ओळखलं होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजला 1887 साली जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत ते गावोगाव फिरले होते. 1919 मध्ये काले इथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, कष्टाची कामं स्वतः करायची आणि शिकायची. 'कमवा आणि शिका' मध्ये कमवणं शिकण्यासाठी होतं. कामासाठी शिक्षण सोडायचं नव्हतं. शिवाजी विद्यापीठातही ही योजना आहे. आपल्या मेसमध्ये कोणी काम करून शिकतोय म्हटलं की काहीजण नजर वळवतात, त्यांनी हा इतिहास जरूर वाचावा.

आणि एक. पगार स्वतःच्या खात्यात जमा व्हायला हवा. रिझर्व्ह बँकेने 2014 मध्ये 10 वर्षांवरच्या मुलांना स्वतः बचत खातं चालवायची मुभा दिली. माझं खातं त्या सुट्टीतच उघडलं. पहिली एन्ट्री कपलिंगचे आणि तिकिटाचे पैसे वजा जाऊन आहे.

मामाचा अजून दर रविवारी फोन येतो. जेवलीस का, अभ्यास कसा चाललाय हे नंतर. आधी विचारतो, "पासष्ट म्हणजे किती गं?"