बिडाच्या खांबांची इमारत

मी वकिलीला लागले ती काळा घोड्याजवळच्या एस्प्लनेड मॅन्शनमध्ये. सत्र न्यायालय जवळच, त्यामुळे मजल्यामजल्यावर वकिलांच्या खोल्या. आमच्या सीनियरांच्या खोलीत कपाट आणि पार्टिशन यांच्यामध्ये एक गोल खांब अर्धा अडकला होता. रंगाचे थर चढलेला, पण आतून ओतीव बिडाचा. ही इमारत कशावर उभी आहे, हे त्या खांबानेच मला दाखवलं.

किल्ल्याची तटबंदी पाडल्यावर मोकळ्या झालेल्या जागेवर जॉन वॉटसन या कापड व्यापाऱ्याने इथे हॉटेल बांधलं. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याचा. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनचं प्रचंड छत उभारण्यातही त्याचा हात होता. लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये तयार झाला, सुटे भाग जहाजाने मुंबईला आले आणि 1867 ते 1869 या काळात इथे जोडले गेले.

इथल्या बाहेरच्या भिंती मजल्यांचं वजन पेलत नाहीत. आपल्या जुन्या वाड्यांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा करून मधले गाळे विटांनी भरत, तीच रीत इथे लोखंडात आहे. बीड दाब उत्तम झेलतं, पण वाकवलं की तुटतं. म्हणून खांब बिडाचे आणि तुळया घडीव लोखंडाच्या. भार सांगाड्याने घेतल्यामुळेच दर्शनी बाजूला मजल्यामागून मजला सलग सज्जे काढता आले. भारतातला पहिला चित्रपट, ल्युमिएर बंधूंचा, 7 जुलै 1896 रोजी याच हॉटेलात दाखवला गेला, हे पुष्कळांना ठाऊक असतं. मला मात्र ते उघडे सज्जे अधिक मोलाचे वाटतात.

हॉटेल बंद पडल्यावर खोल्यांचे तुकडे झाले. पार्टिशनं आली, पोटमाळे आले, सज्जे बंदिस्त झाले. भार वाढला, आणि पावसाचं पाणी लोखंडापर्यंत पोचलं तरी गंज कुणाला दिसेना. 2005 मध्ये काही भाग कोसळून एक जण दगावला. वारसा यादीत दुसऱ्या अ श्रेणीत असलेली ही इमारत 2019 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर रिकामी करण्यात आली.

पाडणं हा उपाय मला मान्य नाही. सुट्या भागांतून जोडलेला सांगाडा भागाभागाने दुरुस्त करता येतो. आधी पोटमाळे उतरवावेत, बंद केलेले सज्जे उघडावेत, प्रत्येक सांधा तपासावा. गंजलेली तुळई टेकू देऊन बदलता येते. तडा गेलेल्या बिडाच्या खांबाला मात्र जास्त जपावं लागेल, कारण बीड सहजासहजी वेल्डिंगला दाद देत नाही.