हौसेचा भाव

हौसेखातर दागिने करणारी बाई आणि मजुरीवर दागिने करणारी बाई, नायगावात दोघी एकाच लोकलने सामानाची पिशवी घरी आणतात. एकीच्या पिशवीत मरीन लाइन्सला उतरून भुलेश्वरात स्वतः निवडलेले मणी, रेशमी दोरा, चार तऱ्हेचे हूक. दुसरीच्या पिशवीत मालाडच्या कारखान्यातून मोजून दिलेले खडे आणि पितळी सांगाडे. तिचा हिशेब ग्रोसवर, म्हणजे १४४ नगांवर. घरी पोचल्यावर दोघींच्या हातात तीच पक्कड, तोच गोंद आणि मान आखडेपर्यंत चालणारं तेच काम. पहिलीला आपण कलाकार म्हणतो आणि दुसरीबद्दल सांगतो, ‘घरबसल्या काहीतरी करते.’ हस्तकलेच्या छंदाचा आढावा घेताना या दुसरीला वगळून पुढे जाण्याची पद्धत आहे. नायगावात बसून लिहिताना ते जमत नाही. कित्येकदा त्या दोघी एकाच मजल्यावर राहतात.

मुंबईहून खाडीवरचा पूल ओलांडला की नायगाव हे वसई तालुक्यातलं पहिलं स्टेशन. पश्चिमेला मिठागरं, कोळीवाडा, जुनी आगरी आणि ख्रिस्ती घरं. पूर्वेला जूचंद्र आणि त्याच्या आजूबाजूला गेल्या पंधरा-वीस वर्षांत उठलेल्या उंच इमारती. मुंबईत घर परवडेना म्हणून इकडे सरकलेली कुटुंबं इथे मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांच्याबरोबर आजीचं शिवणयंत्रही आलेलं आहे. ते बहुधा गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली असतं.

या भागाला हातकामाचं वावडं कधीच नव्हतं. शेजारच्या नालासोपाऱ्यात, म्हणजे जुन्या शूर्पारकात, ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडात पंडित भगवानलाल इंद्रजींनी एप्रिल १८८२ मध्ये उत्खनन केलं. तो निघाला बौद्ध स्तूप. आतल्या दगडी पेटीत तांब्याचा करंडा आणि त्यात एकात एक चांदीची, दगडाची, स्फटिकाची, सर्वांत आत सोन्याची डबी. सोबत सोन्याच्या पातळ पत्र्याची चिमुकली फुलं. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. ती फुलं कुणी कापली, त्याचं नाव अर्थातच कुठे नाही. पालघर जिल्ह्याच्या उत्तर भागात चिंचणी, वाणगाव, डहाणू या पट्ट्यात आजही घरोघर डायमेकर बसतात. सोन्याच्या पत्र्यावर ज्यावरून नक्षी उठते तो साचा ते कोरतात आणि तो मुंबईच्या झवेरी बाजारात जातो. तिथल्या शोकेसमधल्या पदकावर नाव सराफाचं असतं, कोरणाऱ्याचं नसतं. वसई तालुक्यातल्याच भालिवलीला विवेक रूरल डेव्हलपमेंट सेंटरमध्ये आदिवासी महिला बांबूच्या राख्या आणि आकाशकंदील करायला शिकल्या आहेत. आणि जूचंद्र तर रांगोळीचं गाव म्हणून महाराष्ट्राला माहीत आहे. तिथले कलाकार माणसाचा चेहरा, त्यावरचा घाम, डोळ्यातली चमक चिमटीतून उतरवतात. हौस किती टोकाला नेता येते, याचं उदाहरण बघायला नायगावकरांना रिक्षानेही जावं लागत नाही.

मराठी घरात दागिना आणि शिवण ही एकाच हौसेची दोन अंगं होती. बाळंतविडा घ्या. झबली, टोपडी, कुंची, दुपटं, लाळेरं, सगळं मऊ, धुऊन वापरलेल्या कापडाचं आणि शिवण बाहेरच्या बाजूने, म्हणजे बाळाच्या अंगाला टोचू नये. हे ज्ञान कुठल्या पुस्तकातून येत नसे. मग रुखवत. क्रोशाचे रुमाल, मण्यांचं तोरण, काचेच्या नळ्यांची महिरप, भरतकामाचा पंखा, उशांचे अभ्रे. आज रुखवत भाड्याने मिळतं, तयार मिळतं, एका दिवसापुरतं मांडून परत देता येतं. त्याबद्दल गळे काढण्याचं कारण नाही. मुलीने लग्नाआधी दोन वर्षं डोळे फोडून क्रोशा विणावा आणि तो पाहुण्यांनी पाच मिनिटं बघावा, यात हौसेइतकीच सक्तीही होती. पण त्या कामात एक गोष्ट होती जी आजच्या ऑर्डरच्या कामात क्वचित असते. करणारीला ते कुणासाठी आहे हे ठाऊक असे.

हलव्याच्या दागिन्यांपाशी मात्र जरा थांबलं पाहिजे, कारण हौशी दागिन्यांचा खास आपला प्रकार तोच आणि तो अजून ठणठणीत आहे. तीळ, खसखस किंवा साबुदाणा परातीत मंद आचेवर ठेवायचा, साखरेचा पाक चमच्या-चमच्याने सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. घाई केली की गोळा होतो, आच वाढली की पिवळा पडतो. दोन-तीन दिवस हे चाललं की दाण्यावर काटे फुटतात. हवा कोरडी आणि गार हवी. म्हणून हे काम पौषातच नीट होतं आणि खाडीकाठी दमट दिवस निघाला तर काटा धरतच नाही. मग ते दाणे एकेक करून दोऱ्यात अडकवायचे. भोक पाडायची सोय नाही, दाणा फुटतो. म्हणून दोऱ्याची गाठ दाण्याभोवती घ्यायची किंवा जरीच्या पट्टीवर चिकटवायचा. नवीन सुनेसाठी हार, बाजूबंद, नथ, बिंदी, कंबरपट्टा. जावयासाठी हार, नारळ आणि हलव्याचं घड्याळसुद्धा. बोरन्हाणाच्या बाळासाठी मुकुट आणि बासरी. काळ्या कापडावर पांढरा काटेरी हलवा जसा उठून दिसतो तसे खरे मोतीही दिसत नाहीत, असं माझं मत आहे. आता बाजारातून तयार हलवा आणून फक्त दागिने बांधणाऱ्या घरोघर आहेत. त्यांची धांदल नोव्हेंबरात सुरू होते, कारण परदेशातल्या मराठी घरांसाठीचे खोके डिसेंबरातच निघावे लागतात. मुंग्या आणि दमट हवा यांच्यापासून ते वाचवण्याचं कौशल्य हा या धंद्याचा अर्धा भाग आहे.

खरे दागिने गाठवणं हे पूर्वी पटवेकऱ्याचं काम. सोनार मणी घडवायचा आणि पटवेकरी रेशीम-जरीच्या दोऱ्यात ते गुंफायचा. ठुशीचे बारीक मणी घट्ट बसवणं, मागे सरकती गाठ देणं, पोतीचे पदर एकसारखे लोंबतील असे ओढणं, हे त्याच्या बोटांचं काम. आज हेच तंत्र दोन दिवसांच्या क्लासात शिकवतात आणि त्यात वाईट काही नाही. जातीच्या घरात कोंडलेली कला शेजारणीच्या हाती आली. दोन दिवसांत बोटाला ताण कळत नाही, हे वेगळं. अशी ठुशी चार लग्नांनंतर सैल पडते आणि मण्यांमधून दोरा दिसायला लागतो.

दूरचित्रवाणीने या छंदाला जेवढं इंधन दिलं तेवढं कुठल्याच सरकारी योजनेने दिलं नसेल. २०१३ साली ‘होणार सून मी ह्या घरची’ सुरू झाली आणि जान्हवीचं मंगळसूत्र गल्लोगल्ली लटकलं. पुढच्या वर्षी ‘जय मल्हार’ आली आणि बानूची नथ प्रत्येक हळदीकुंकवात दिसू लागली. नथ हा तसा हौशी हातांना फार सोयीचा दागिना. तार, सात-आठ मोती, एक लाल खडा, एक हिरवा. नाक टोचलेलं नसलं तरी चालेल अशी दाबाची नथ निघाली आणि गिऱ्हाईक एकदम वाढलं. आगरी-कोळी लग्नांत हळदीचा सोहळा लग्नाइतकाच मोठा असतो. त्यासाठी कृत्रिम फुलांचे, गोट्याचे, कवड्यांचे दागिने लागतात आणि तेही करवल्यांसकट सगळ्यांना एका रंगाचे. नायगाव-वसई पट्ट्यातल्या हौशी कारागिरांना हंगामी काम मिळतं ते इथून.

शिवणकामाचा रस्ता वेगळा. त्याला शाळा लवकर मिळाली. रमाबाई रानड्यांच्या पुण्याच्या सेवासदनात, म्हणजे १९०९ नंतर, विधवा-परित्यक्तांना स्वतःच्या पायावर उभं करणाऱ्या विषयांत शिवण होतं. त्यामुळे आपल्याकडे शिवणाच्या क्लासला सुरुवातीपासून पोटाची बाजू आहे. पुढे के. आर. झारापकरांच्या पद्धतीची कटिंगची पुस्तकं घराघरांत पोचली. छातीचं माप, त्याचा चौथा भाग, मुंढ्याची खोली, हे गणित शाळेत गणिताला घाबरलेल्या बायकांनी न चुकता केलं. ब्लाउज हा त्यातला सर्वांत अवघड पेपर. कटोरी असो की प्रिन्सेस कट, मुंढ्यात अर्धा इंच चुकला तर हात वर होत नाही.

सध्या जोर आहे तो आरी वर्कचा. लाकडी चौकटीवर कापड ताणून बसवायचं, वरून आकड्याची सुई खुपसायची, खालून दोरा वर ओढायचा आणि त्यात मणी, जरी, कटदाणा अडकवत जायचं. इथे शिवण आणि दागिना पुन्हा एक होतात. ब्लाउजच्या पाठीवर असा हार भरला की गळ्यात वेगळा घालायची गरज उरत नाही. मागची लटकनं तर सरळ कानातल्यांची बहीण. याच जातीचं दुसरं काम म्हणजे खणाचे दागिने. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला विणला जाणारा खण आधी चोळीपुरता होता. गेल्या काही वर्षांत त्याच्या साड्या झाल्या, पिशव्या झाल्या आणि उरलेल्या चिंध्यांची पदकं. पुठ्ठ्यावर खण ताणून चिकटवायचा, कडेने गोट, मध्ये छोटी मुद्रा. कतरणीचा एवढा सुंदर उपयोग गोधडीनंतर हाच. गोधडीला मात्र नायगावच्या फ्लॅटमध्ये जागा नाही. चार पदर जमिनीवर पसरून धावदोरा घालायला मोकळी खोली लागते आणि हॉलमध्ये सोफा असतो.

सामानाची खरेदी हा या छंदाचा सर्वांत आनंदाचा आणि सर्वांत खर्चिक भाग. कापडाला मंगलदास मार्केट, लेस आणि मण्यांना भुलेश्वर, बाकी अडगळीला अब्दुल रेहमान स्ट्रीट. कुठल्याही हौशी बाईच्या कपाटात वापरलेल्या मण्यांपेक्षा न वापरलेले जास्त असतात. घेताना मात्र एका गोष्टीकडे काणाडोळा होतो. स्वस्त हुकात निकेल असतं आणि बऱ्याच जणींच्या कानाला त्याने खाज सुटते, फोड येतात. युरोपात १९९४ सालीच अंगाला लागणाऱ्या वस्तूंमधल्या निकेलवर मर्यादा घातली गेली. आपल्या गल्लीत विचारलं तर दुकानदार ‘अँटी-ॲलर्जिक आहे’ म्हणतो आणि तोच हूक देतो. चांगलं स्टीलचं हूक घेतलं तर जोडीमागे काही रुपये वाढतात. त्यात खाडीची खारी हवा. पितळ आणि तांबं इथे लवकर काळवंडतं. हवाबंद पिशवीत ठेवा, अत्तर लावून झाल्यावर घाला, हे गिऱ्हाइकाला सांगणारी बाई मला नुसतं सुंदर काम करणारीपेक्षा जास्त पटते.

खरेदीनंतर विक्री, आणि तिचा जुना बाजार म्हणजे लोकल. ५ मे १९९२ ला पश्चिम रेल्वेवर महिला विशेष लोकल सुरू झाली, आधी बोरिवलीपर्यंत आणि वर्षभरात विरारपर्यंत. तेव्हापासून आजवर त्या डब्यांत जेवढे कानातले विकले गेले असतील तेवढे एखाद्या मॉलमध्येही नसतील. डब्यातली विक्रेती एका दमात चाळीस जोड दाखवते आणि किंमत उतरवत नेते. २०२० साली करोनामुळे लोकल बंद झाली तेव्हा ही साखळी दोन्ही बाजूंनी तुटली. विकणारीला डबा नाही, करणारीला बाजार नाही. अनेकींची यंत्रं तेव्हा मुखपट्ट्यांवर चालली. २१ ऑक्टोबरला, नवरात्रात, सर्व महिलांना लोकलची मुभा मिळाली, पण मधल्या महिन्यांत बऱ्याच जणींचं दुकान फोनवर गेलं होतं ते तिथेच राहिलं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यांनाही ऑनलाइन मंचांवरून आपल्या राज्यात माल विकता येतो. हौस आणि धंदा यांच्यातली कुंपणाची तार तेव्हा आणखी खाली वाकली.

आणि इथेच भावाचा प्रश्न येतो. समजा एका खणाच्या सेटला ६० रुपयांचं सामान लागलं आणि तीन तास गेले. दीडशेला विकला तर तासाला तीस रुपये पडले. करणारी म्हणते, ‘जाऊ दे, मला आवड आहे.’ नवऱ्याच्या पगारावर घर चालत असेल तर तिला ते परवडतं. पण तोच सेट पोटासाठी करणारी शेजारीण मग दोनशे कसे मागणार? गिऱ्हाईक पहिलीचा फोटो दाखवून दुसरीशी घासाघीस करतं. हौसेला मोल नसतं असं आपण कौतुकाने म्हणतो. त्याचा हिशेब कुणाच्या खात्यात पडतो हे कुणी बघत नाही. घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली करार केला, क्रमांक १७७. भारताने तो अजून मंजूर केलेला नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरबसल्या काम करणाऱ्याची व्याख्या आहे. व्याख्येने ग्रोसचा दर वाढत नाही.

म्हणून हौशी मैत्रिणींना माझं सांगणं एवढंच असतं की विकायचं तर वेळेचे पैसे लावा, नाहीतर विकू नका, भेट द्या. भाचीच्या डोहाळजेवणाला फुलांचा साज करा, सुनेला हलव्याचा हार करा, त्याला किंमतच लावू नका. बहुतेक जणी मान डोलावतात आणि पुढच्या प्रदर्शनात पुन्हा ‘ताई, तुमच्यासाठी शंभर’ म्हणतात. काही शहाण्या निघाल्या. त्यांनी दागिने विकणं जवळजवळ सोडून दिलं आणि दुपारी दोन ते चार क्लास सुरू केला, सामानाच्या पेटीसकट. चिंता एकच आहे, तिथे शिकलेल्याही आता स्वतःचे क्लास काढू लागल्या आहेत.