जुन्या संगणकाची हार्ड डिस्क : न दिसणाऱ्या जागेचा शोध

शाळा, ग्रंथालये, पतसंस्था आणि लहान कार्यालये यांच्या टेबलांवर आज दिसणारे सर्वच संगणक कोरे करकरीत नसतात. मोठ्या कंपन्यांनी काही वर्षे वापरून बाजूला काढलेले संच तपासून, दुरुस्त करून पुन्हा विक्रीस येतात. व्यापारी त्यांना ‘रिफर्बिश्ड’ म्हणतात. केंद्र शासनाचे २०२२ चे ई-कचरा (व्यवस्थापन) नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. त्यांनुसार असे नूतनीकरण करणाऱ्या व्यावसायिकांनाही नोंदणी आवश्यक करण्यात आली आहे. मर्यादित निधी असलेल्या संस्थेला हे संच परवडतात आणि चांगले चालतातही.

मात्र संच ताब्यात आल्यावर एक तक्रार हमखास उद्भवते. बिलावर हार्ड डिस्क ५०० गिगाबाइटची असते आणि पडद्यावर ४६५ हाच आकडा दिसतो. क्वचित तो १२७ किंवा ३१ इतका खाली येतो. जडसंग्रह नोंदवहीत कोणता आकडा लिहावा, असा पेच पडतो. विक्रेत्याने फसविल्याची शंका येते आणि कोणीतरी ‘एकदा फॉरमॅट करून पाहा’ असा सल्ला देतो. खरा धोका या सल्ल्यातच आहे. जागा कमी दिसण्याच्या बहुतेक कारणांवर फॉरमॅट हा उपायच नव्हे. परंतु डिस्कवरील सभासदांची खाती, पुस्तकांची सूची किंवा विद्यार्थ्यांचे गुण मात्र त्यात निश्चित जातात. म्हणून प्रथम महत्त्वाच्या सर्व फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी आणि मगच शोधाला लागावे.

दोन मापांचा घोळ

सर्वांत सामान्य कारण निरुपद्रवी आहे. डिस्कचे उत्पादक गिगाबाइट म्हणजे १०० कोटी बाइट असे मोजतात. विंडोज प्रणाली १,०२४ च्या पटीने मोजते. तिच्या हिशेबी एक गिगाबाइट म्हणजे १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइट. माप मोठे घेतले की मापांची संख्या कमी भरते, इतकेच. त्यामुळे ८० ची डिस्क सुमारे ७४.५, १६० ची १४९, ३२० ची २९८ आणि एक टेराबाइटची ९३१ गिगाबाइट दिसते. लेबलवरील आकड्याला ०.९३ ने गुणल्यास अपेक्षित आकडा मिळतो. हा गोंधळ मिटावा म्हणून आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने १९९८ मध्ये दुसऱ्या मापासाठी ‘गिबिबाइट’ हे वेगळे नाव दिले, पण विंडोजने ते स्वीकारले नाही आणि ग्राहकाच्या वाट्याला शंका तेवढी उरली. उबुंटूसारख्या लिनक्स प्रणालीतील डिस्क-साधनात हीच डिस्क ५०० गिगाबाइटची दिसते.

तफावत याहून मोठी असेल तर तीन ठिकाणचे आकडे शेजारी शेजारी लिहून काढावेत : डिस्कवरील लेबलचा, संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या बायोस पडद्यावरचा आणि विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’ या साधनातला. आकडा कोठे गळला हे कळले की निम्मे काम झाले.

बायोसमध्ये डिस्क पूर्ण दिसते, डिस्क मॅनेजमेंटमध्येही पूर्ण दिसते, पण ‘सी’ ड्राइव्ह मात्र १०० किंवा १२० गिगाबाइटचाच आहे, असे पुष्कळदा आढळते. पुनर्विक्रीसाठी संच तयार करताना एका लहान डिस्कवर प्रणाली बसवून तिची हुबेहूब नक्कल इतर डिस्कवर उतरविली जाते. नकलेबरोबर लहान डिस्कची हद्दही येते आणि उरलेली जागा ‘अनअलोकेटेड’ म्हणून पडून राहते. ती ‘सी’ च्या लगेच उजवीकडे असेल तर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ ही आज्ञा देऊन जोडता येते. मध्ये रिकव्हरीचा लहानसा विभाग आडवा आला असेल तर ही आज्ञा चालत नाही. अशा वेळी तो विभाग पुसण्याची घाई करू नये. रिकाम्या जागेत नवा ‘डी’ ड्राइव्ह करावा. त्यात आहे ती माहिती जागची हलत नाही.

पत्त्यांच्या मर्यादा

आकडा बायोसमध्येच कमी दिसत असेल तर प्रश्न संगणकाच्या वयाचा असतो. हार्ड डिस्कवरील माहिती ५१२ बाइटच्या लहान खणांत साठविली जाते आणि प्रत्येक खणाला क्रमांक असतो. जुन्या पद्धतीत हा क्रमांक लिहिण्यासाठी २८ अंक, तेही केवळ शून्य आणि एक या स्वरूपाचे, राखून ठेवले होते. त्यातून २६ कोटी ८४ लाखांहून थोडे अधिक क्रमांक तयार होतात, म्हणजेच सुमारे १३७ गिगाबाइट. विंडोजच्या मापाने ही मर्यादा १२८ भरते. त्यापुढील खण असूनही संगणकाला त्यांचा पत्ता लिहिता येत नाही. पुढे ४८ अंकी पद्धत आली. २००१ मधील मूळ विंडोज एक्सपीमध्ये तिची सोय नव्हती. २००२ मधील पहिल्या सर्व्हिस पॅकने ती दिली.

येथे केवळ जागेचे नव्हे, माहितीचेही नुकसान संभवते. पाच आकडी अंतरमापक ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो, तसेच येथे घडू शकते. दुसऱ्या, नव्या संगणकावर पूर्ण भरलेली मोठी डिस्क अशा जुन्या प्रणालीला जोडली आणि मर्यादेपलीकडे लिहिण्याचा प्रसंग आला, तर ते लेखन डिस्कच्या आरंभी जाऊन पडू शकते. सर्व फायलींची अनुक्रमणिका त्याच भागात असते. जुन्या हिशेबी सॉफ्टवेअरसाठी एक्सपीचा संच राखून ठेवणाऱ्यांनी त्यावर सर्व्हिस पॅक कोणता आहे हे डिस्क बदलण्यापूर्वीच पाहावे.

पडद्यावर ३१.५ च्या आसपास आकडा दिसल्यास डिस्क बाहेर काढून मागील टाचण्यांवर बसविलेली इवलीशी प्लास्टिकची टोपी, म्हणजे जंपर, पाहावी. ३३.८ गिगाबाइटपुढील डिस्क पाहताच काही जुन्या बायोस गोठून जात, म्हणून उत्पादकांनी डिस्क मुद्दाम लहान भासविण्याची ही सोय ठेवली होती. पूर्वीच्या मालकाने लावलेला जंपर तसाच राहून जातो. लेबलवरील आकृतीप्रमाणे तो योग्य जागी बसविला की जागा परत मिळते.

अलीकडच्या संचांत अडचण दुसऱ्या टोकाला येते. जुन्या ‘एमबीआर’ विभागणीत २.२ टेराबाइटपुढील जागा मोजताच येत नाही. तीन टेराबाइटची डिस्क लावल्यास सुमारे ७४६ गिगाबाइट जागा निरुपयोगी पडते. काही जुन्या ड्रायव्हरमध्ये तर उलट ७४६ एवढीच जागा दिसते. अशा डिस्कसाठी ‘जीपीटी’ विभागणी करावी. डिस्क मॅनेजमेंटमधून ती करण्यासाठी डिस्क रिकामी असावी लागते. यूईएफआय नसलेल्या संचात विंडोज अशा डिस्कवरून सुरू होत नाही; परंतु प्रणाली लहान डिस्कवर ठेवून मोठी डिस्क माहितीसाठी वापरता येते.

क्वचित उत्पादकानेच डिस्कच्या शेवटी राखीव क्षेत्र लपविलेले असते. लिनक्समधील ‘एचडीपार्म’ या साधनाने ते कळते. ते उघडण्याचे काम जाणकाराकडेच द्यावे.

जागा कमी दिसली म्हणजे डिस्क झिजली, हा समज मात्र चुकीचा आहे. खराब झालेल्या खणांच्या जागी डिस्क आपल्याकडील राखीव खण वापरते, त्यामुळे मरणपंथाला लागलेली डिस्कही पूर्ण आकडा दाखविते. तिची प्रकृती ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’सारख्या मोफत साधनातून ‘रिअलोकेटेड सेक्टर्स’ या ओळीवर पाहावी. हा आकडा आठवड्यागणिक वाढत असेल तर डिस्क बदलणेच योग्य. स्वस्तात मिळणाऱ्या काही बनावट एसएसडी आणि पेनड्राइव्ह तर नसलेली जागा असल्याचे दाखवितात. ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ने संपूर्ण जागा भरून वाचून पाहिली की त्यांचे बिंग फुटते.

जडसंग्रह नोंदवहीत लेबलवरील आकडा, डिस्कचा अनुक्रमांक आणि शेरा म्हणून विंडोजमध्ये दिसणारा आकडा, अशा तिन्ही बाबी नोंदवाव्यात. लेखापरीक्षणाच्या वेळी ५०० आणि ४६५ यांचा मेळ घालणे मग अवघड जात नाही.